भोपळा मिळालेली बाग

स्वयंपाकखोलीच्या मागच्या भिंतीलगत गुडघे टेकून सरांनी मातीत बोट खुपसले आणि बिया पुढे केल्या. घ्यायला एकही हात आला नाही. पालक, मुळा, वांगी यांसाठी पोरे एकमेकांच्या अंगावर पडली होती. भोपळ्याचे नाव निघताच सगळ्यांच्या नजरा पायांकडे वळल्या.

"सर, चाचणी परीक्षा तोंडावर आलीय," वर्गातला हुशार मुलगा म्हणाला. "आत्ता हातात भोपळा नको."

मागून एक मुलगी पुढे आली. गणितात तिला दर खेपेला शून्य मिळे, म्हणून सारा वर्ग तिला 'भोपळी' म्हणत असे.

"माझ्याकडे द्या. मला सवय आहे."

वर्ग खदखदून हसला. सरांना काहीतरी बोलायचे होते. पण नेहमीप्रमाणे शब्द घशाशीच अडले. त्यांनी बिया तिच्या ओंजळीत अलगद ओतल्या.

शाळेच्या पातेल्यात रोज नुसता भात आणि पाणचट डाळ शिजे. पुष्कळ मुलांचे दिवसातले पहिले अन्न तेच. मोठ्या बाईंनी बागेला सत्र संपेपर्यंत मुदत दिली होती. तोवर बागेतले काही पातेल्यात पडले नाही, तर त्या जागेवर गोदाम उभे राहणार होते.

मग एका दुपारी कुंपणातली फट शोधून शेळ्या आत शिरल्या. पालक गेला, मुळे गेले, वांग्यांचे खराटे उरले. माणसे सोडून गेलेल्या घरातून फिरावे तसे सर त्या देठांमधून फिरत राहिले.

मुदतीच्या दिवशी मोठ्या बाई उजाड वाफ्यांपुढे उभ्या राहिल्या.

"शेवटी काय मिळालं, सर?"

"भ... भोपळा, बाई."

"ते दिसतंच आहे." त्यांनी सुस्कारा सोडला. "तुम्ही कष्ट घेतलेत, नाही म्हणत नाही मी. पण..."

सरांनी नकारार्थी मान हलवली. समजावणे जमेना, तेव्हा ते सरळ स्वयंपाकखोलीच्या मागे चालू लागले. बाईंना मागोमाग जावे लागले.

बुंध्याभोवती काटेरी फांद्या रोवून भोपळीने वेल दोरीने छपरावर चढवला होता. आता ती शिडीवर उभी होती आणि खाली स्वयंपाकाच्या मावशी हात पसरून.

"मावशी, धरा!"

"अगं हळू! भोपळा आहे की तुझा धाकटा भाऊ?"

रुंद पानांआडून एकामागून एक नारिंगी भोपळे उतरत राहिले. ठेवायला जागा व्हावी म्हणून मोठ्या बाई मागे सरकल्या. मग आणखी मागे.

त्या दुपारी पातेले तळापर्यंत खरवडले गेले.

"मला अजून भोपळा!"

"मलापण!"

कोणी कोणाला हसले नाही. मोठ्या बाईंनीही ताटली पुढे केली. गोदामाचे नाव त्यांनी काढले नाही.

"कुंपण कधी दुरुस्त करताय?" एवढेच त्यांनी विचारले.

नव्या सत्रात सरांनी त्याच भोपळ्यांच्या वाळवलेल्या बिया वर्गापुढे धरल्या. हातच हात वर झाले. हुशार मुलाचा सर्वांत उंच. भोपळीच्या हातात मात्र कांद्याच्या रोपांची जुडी होती.

"मी कांदा लावते, सर. भोपळा आता ह्यांना मिळू दे."

सरांनी घाईने फळ्याकडे तोंड फिरवले. पण हसू या खेपेला घशाशी अडले नाही.