माझ्यावर नसलेली ओळ

मी एक सोनोग्राफीचा रिपोर्ट. चार-पाच ओळी इंग्रजी आणि एक काळसर फोटो, एवढाच माझा जीव. औरंगपुऱ्यातल्या एका सेंटरमध्ये कडुबा उपाशीपोटी आडवे झाले, पोटावर गार जेल लागलं, आणि मी प्रिंटरमधून कोमट बाहेर पडलो. माझ्यावर लिहिलं होतं, 'फॅटी लिव्हर, ग्रेड दोन'.

वाटलं, आता मला कुणी नीट वाचेल. पण कडुबांनी 'लिव्हर' एवढंच वाचलं आणि माझी घडी केली.

त्यांचे वडील दारूनं गेले होते. त्या घरात लिव्हर खराब होतं ते दारूनंच, असा पक्का समज. "थेंबाला शिवणार नाय," असं सांगून कडुबांनी मुक्ताबाईंशी लग्न केलं होतं, आणि वीस वर्षं ते पाळलं होतं. आता हे कोण मानणार? त्यांनी मला कपाटात, स्वेटरच्या घडीत दडवलं.

दोन महिने मी अंधारात होतो. बाहेर त्यांचा आवाज आला की फार वाटायचं, मला उजेडात न्यावं.

थंडी पडली तसा मी मुक्ताबाईंच्या हाती लागलो. त्यांनीही तोच शब्द वाचला.

"कवापासून घेता?"

"अगं, घेत नाय मी."

"मामंजी बी असंच म्हणायचे."

त्या आठवड्यात घरात कुणी धड जेवलं नाही. दारूचा शब्दही माझ्यावर नाही, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण खरं सांगतो, 'दारू नाही' असंही माझ्यावर नव्हतं. मला चरबी दिसते, तिचं कारण दिसत नाही.

शेवटी मुक्ताबाईच मला आणि नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडं गेल्या.

"यकृताच्या शंभरातल्या पाचाहून जास्त पेशींत चरबी साठली, की ते फॅटी लिव्हर," डॉक्टर म्हणाले. "थोडी, मध्यम, जास्त असे तीन ग्रेड. तुमचा मधला. सूज आली का, यकृत कडक होतंय का, ते वेगळ्या तपासणीत कळेल. एक प्रकार दारूमुळं होतो. दुसरा न पिणाऱ्यालाही होतो, वजन, साखर, सुटलेलं पोट यानं. तुमचा कोणता, ते तुम्ही सांगायचं. काम काय करता?"

"कापडाच्या दुकानात लग्नाचे बस्ते दाखवतो. दिवसभर गादीवर बसून. पाव्हण्यासंगं चहा घ्यावाच लागतो, नायतर रुसतेत."

"किती होतात?"

"लग्नसराईत पंधरा-वीस. गोड चहा. वर पेढा."

"अन् घरी आल्यावर म्हणतेत, चहा टाक!" मुक्ताबाई म्हणाल्या.

"आणि दारू?"

कडुबांनी मान खाली घातली. सांगून सांगून ते थकले होते.

न पिणाऱ्यालाही होतो, हे मुक्ताबाईंच्या ध्यानात आलं होतं; त्यांनी मला डॉक्टरांपुढं सरकवलं. मग म्हणाल्या, "घेत नाय ते. लिहा, डॉक्टरसाहेब. मी सांगते."

डॉक्टरांनी पेननं माझ्या कडेला लिहिलं, 'दारू : नाही'. कडुबांनी उपरण्यानं डोळे पुसले.

आता मी फाइलीत असतो. कडुबा पाव्हण्यांना हात जोडून चहा नाकारतात, संध्याकाळी दोघं चालायला जातात. सहा महिन्यांनी नवा रिपोर्ट येईल. त्यावर ग्रेड एक असावा, जमलं तर तोही नसावा, आणि मला रद्दीत टाकावं, एवढीच आस आहे. तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी दडवलेला असेल, तर त्याला आज बाहेर काढा. तो वाट बघतोय.