कलमाच्या आधीचा चिंतू

सुगंधाच्या नवऱ्याच्या मरणाला नवं कलम लागलं, त्या दिवसापासून मी तिच्यावर जळू लागले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

माझ्या पोराला, चिंतूला, मारलं २०२३च्या मार्चमध्ये. बोईसरला कारखान्यांच्या मागे कामगारांची एक वस्ती आहे. तिथे तो गटाराच्या खोदकामाला जात होता. त्या दिवसांत वस्तीतून तांब्याच्या तारा चोरीला जात होत्या. दुपारची भाकर खायला चिंतू एका भिंतीच्या सावलीला बसला. कुणीतरी विचारलं, कुठला तू? तो आमच्या बोलीत बोलला. जंगलातला आहे, हेच चोर, असं म्हणून लोक जमले आणि त्याला मारून टाकलं. कोणी म्हणतं वीस जण होते, कोणी म्हणतं चाळीस. पोलिसांच्या कागदावर दोन नावं आली आणि पुढे ‘अनोळखी जमाव’. खाली माझा अंगठा. तेव्हा मला वाचता येत नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्या दोघांच्या घरची माणसं आमच्या पाड्यावर आली आणि अंगणात उभी राहिली. दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय आम्ही बोलत नाही. मी तांब्या भरून दिला. पाणी पाजलं की वैर मिटलं अशी रीत आमच्यात आहे, पण ती पंच बसल्यावरची. मी दिलं ते नुसतं पाणी होतं. त्यांच्या वकिलाने मात्र कोर्टात सांगितलं की आईने हातात पाणी दिलं, पाड्याच्या रीतीने वैर मिटलं. दोघांना जामीन झाला. खटला अजून चालू आहे, म्हणजे तारखा पडत आहेत. त्यानंतर मी अंगणवाडीच्या बाईंकडून अक्षरं शिकले. तेव्हा माझी साठी उलटली होती.

सुगंधाचा नवरा खंडेराव जालन्याकडचा, इथे कापडाच्या कारखान्यात कामाला. तो गेला २०२४च्या ऑक्टोबरात, आणि ते मी पाहिलं. मी बाजाराच्या कोपऱ्यावर काकड्या घेऊन बसले होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असं तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होतं. एक लहान पोरगी रडत उभी होती. खंडेरावने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि ‘कोणाची आहे ही?’ असं विचारत तो फिरू लागला. चार जणांनी त्याला अडवलं. कुठला तू? तो म्हणाला, जालन्याचा. मग आणखी काही जण धावून आले आणि कोणीतरी ओरडलं, ‘बाहेरून येतात आणि आपली पोरं नेतात, सोडू नका याला.’ पुढचं माझ्यापासून चार हातांवर झालं. मी ओरडले नाही. टोपली मागे ओढून घेतली आणि बसून राहिले.

मग तिच्याकडे पेपरवाले आले, मोठे साहेब आले. वैभवी नावाची वकील मुलगी पैसे न घेता उभी राहिली. चिंतूच्या वेळी आमच्याकडे तलाठीसुद्धा आला नव्हता. घरी जाताना मी मुद्दाम वाट वाकडी करून सुगंधाच्या दारावरून जायची आणि बाहेरच्या चपला मोजायची. एकदा चौदा जोड होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

फेब्रुवारीत सुगंधा आणि वैभवी आमच्या पाड्यावर आल्या. मी त्यांना पाणी दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

“मावशी, तुम्ही कोपऱ्यावरच बसता ना?” सुगंधाने विचारलं.

“बाजारात शंभर जनी बसतात.”

“त्या समद्या म्हणत्यात, आम्ही चहाला गेलतो.”

“मंग शंभर कप चा खपला आसंल. चावाल्याला इचार.”

वैभवीला हसू आलं, ते तिने दाबलं. मग ती म्हणाली, “आजी, पाच किंवा जास्त जणांनी मिळून माणसाला मारलं, आणि कारण काय, तर तो कुठला, कुठल्या जातीचा, कुठली भाषा बोलतो, तर नव्या कायद्यात त्याला वेगळं कलम आहे. एकशे तीन, पोटकलम दोन. गटातल्या प्रत्येकाला फाशी नाहीतर जन्मठेप. पण मारताना ते काय बोलत होते, हे ऐकलेलं माणूस लागतं. नाहीतर हे कलम टिकणार नाही.”

“आनि चिंतूला?”

“कायदा २०२४च्या जुलैपासूनचा आहे, आजी. आधीच्या गुन्ह्याला तो लागत नाही.”

मी बोटांवर महिने मोजले. “सोळा म्हैने. म्हंजे माज्या पोराने सोळा म्हैने थांबून मरायला पायजे व्हतं.”

सुगंधा मग म्हणाली, “मावशी, तुमच्या पोराचं मला ठावं हाय.”

“पेपरात वाचलंस?”

“न्हाई. खिडकीतून पाह्यलं. त्याच वस्तीत ऱ्हातो आम्ही. हे म्हणले, आपण बाहेरची माणसं, यात पडू नको. मी खिडकी लावून घेतली.”

माझ्या तोंडात शिव्या आल्या. त्या बाहेर पडण्याआधी मला बाजारातली माझी टोपली आठवली, म्हणून गिळल्या. पण सोडलं नाही.

“मंग तू चिंतूची साक्ष दे. मी तुज्या नवऱ्याची देतंय.”

“तितंच ऱ्हाते मी, मावशी. माझी स्वरा तितल्याच शाळंत जाती. मारणाऱ्यातली माणसं रोज दारावरून जात्यात.”

“माज्या समोरून जात नाय का? मी पन बाजारातच बसतंय.”

“आजी, साक्षीची अशी अदलाबदल करायची नसते,” वैभवी म्हणाली.

“तर मंग जा.”

त्या गेल्या. मी ओट्यावर बसून त्यांच्याकडे पाहत राहिले. कलम गळून पडलं तर खंडेराव चिंतूसारखा होईल, सुगंधा माझ्यासारखी होईल. तिच्या दारातल्या चपला कमी होतील. या विचाराने मला बरं वाटलं. तीन दिवस मी नीट जेवले, झोपले.

चौथ्या दिवशी मी बाजारात वालाच्या शेंगा घेऊन बसले होते. एक माणूस आला. खंडेरावच्या डोक्यात पहिला दांडका याने घातला होता, मी पाहिलं होतं. त्याचं नाव अजून कुणीच घेतलं नव्हतं. त्याने अर्धा किलो शेंगा घेतल्या आणि खाली वाकून म्हणाला, “मावशे, तू कायच पाहिलं नाय ना? शानी हायस. तुज्या पोराचं मिटलं, तसं ह्ये पन मिटंल.”

त्याच्या पिशवीतल्या शेंगा मी परत टोपलीत ओतल्या. “नाय इकायच्या,” म्हटलं.

मिटलं. माझं मिटलं असं हा माणूस शेंगा घेता घेता म्हणतो. चिंतूला जे मिळालं नाही ते सुगंधाला मिळू नये असं मला वाटत होतं, आणि यालाही तेच हवं होतं. याच्या बाजूला बसायची मला लाज वाटली. पण फक्त लाजेने मी उठले असं नाही. मनात आलं, हा कायदा इथे पहिल्यांदा उभा राहणार असेल तर माझ्या तोंडून उभा राहू दे. ती एकटी मिरवेल, ते मला सहन होणार नाही.

पालघरला कोर्टात न्यायाधीशांपुढे माझा जबाब झाला. सुगंधाला मी कुठलीही अट घातली नाही. सात जणांची नावं सांगितली. आणखी दोघांची नावं ठाऊक नव्हती, त्यांची दुकानं सांगितली. कोण काय ओरडलं तेही सांगितलं. लिहून झाल्यावर कागद माझ्यापुढे आला. मी बोट ठेवून सगळा वाचला, वेळ लागला, न्यायाधीश थांबले. एका ठिकाणी ‘काही लोकांनी’ असं लिहिलं होतं. मी म्हटलं, “काही नाय, नऊ लिवा.” त्यांनी ते बदलून घेतलं. मग मी सही केली.

सुगंधा बाहेर बाकावर बसली होती. माझ्या पाया पडू लागली. मी पाय मागे घेतले.

“खिडकी लावायच्या आदी काय आयकलंस?” मी विचारलं.

ती म्हणाली, “मुकादमाचं नाव घ्यायला लागला. त्येला बोलवा, त्यो वळखतो मला, म्हणत व्हता. मग ‘आये’ म्हणला. दोनदा.”

दोन वर्षं. माझ्या पोराचा शेवटचा शब्द दोन वर्षं हिच्याकडे होता, आणि मी हिच्या दारातल्या चपला मोजत होते.

“ती मला मारलेली हाक व्हती,” मी म्हटलं. “तुजी नव्हती.”

“ठावं हाय, मावशी.”

ती उठली. जिन्यापाशी वैभवी कागद लावत उभी होती, तिच्याकडे गेली. मला ऐकू आलं, “ताई, चिंतूच्या केसमधी माझं नाव घाला. मी सांगते.” वैभवीने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आणि स्वराची शाळा?” सुगंधा म्हणाली, “बदलीन.”

दोघी बाजूच्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. मी दारापाशी जाऊन उभी राहिले. आत सुगंधा बोलत होती, पण शब्द कळत नव्हते. चिंतूचं ती सांगत होती, आणि मी बाहेर होते. तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला.