घरचा काटा

आमचे हे काटे दुरुस्त करतात. वाण्याचा काटा, सोनाराचा काटा, भंगारवाल्याचा अवाढव्य काटा. बाजारात ज्याचं म्हणून माप चुकतं तो यांच्याच दुकानाची पायरी चढतो. तीस वर्षांत कितीतरी जणांनी गळ घातली, "जरा आपल्या बाजूला झुकवून द्या की." हे नुसती मान हलवतात आणि पेचकस खाली ठेवतात. माझा सख्खा भाऊ फळं विकतो, त्यालाही असंच हात हलवत परत पाठवलं. माहेरी महिनाभर मला खाली मान घालून वावरावं लागलं, पण मनातून बरं वाटलं होतं. माणूस घुमा आहे पण खरा आहे, असं मी लेकीला नेहमी सांगत आले.

लेक सातव्या महिन्यातच जन्मली. यांनी दवाखान्यातला काटा आधी तपासला, मगच तिला त्यावर ठेवू दिलं. "छटाकभर आहे गं," म्हणाले आणि माझ्यादेखत रडले. तेव्हापासून ती छटाकी.

त्या छटाकीला वाढवायचा विडा मी उचलला. तिच्या ताटात एक घास उरला तरी तो भरवल्याशिवाय मी तिला उठू द्यायची नाही. रडली की बिस्किट, हसली की बिस्किट. सोळाव्या वर्षी ती दोन जिने चढून धापा टाकायला लागली, त्यात माझ्या हाताचा मोठा वाटा होता. नाकारून काय करू?

डॉक्टरीणबाई मोठ्या समजूतदार. त्यांनी तिला बसवून सांगितलं, "वजन उतरवायचंय, पण उपाशी राहून नाही. तुझं वाढीचं वय आहे. तिन्ही वेळा नीट जेव, बाटलीतलं गोड पाणी सोड, रोज चाल, वेळेवर झोप. आठवड्याला पाव किलो उतरलं तरी भरपूर. वर्ष लागू दे." लेकीने मान डोलावली. मीही डोलावली, आणि घरी येऊन तिला एक बिस्किट दिलं. सवयच तशी!

पुढे माशी शिंकली ती यांच्या दुकानात. लेक डबा द्यायला गेली होती. यांनी हाक मारली, "छटाके, इकडे ये." समोर बसलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. "ही छटाकी? मग तुमच्याकडे मण केवढा असतो हो?" झालं. घरी आल्यावर तिने बापाला बजावलं, त्या नावाने पुन्हा हाक मारायची नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून नाश्ता बंद केला.

आमच्या घरात जिन्याखाली एक जुना तबकडीचा काटा आहे. कुणीतरी दुरुस्तीला टाकला आणि न्यायलाच आला नाही. त्यावर ती दिवसातून पाच वेळा उभी राहायला लागली. सुई केसभर वर गेली की रात्रीचं जेवण बंद. वर्षाचं काम तिला महिन्यात उरकायचं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी ओरडले, रडले, शपथा घातल्या. ती एकच सांगायची, "आई, काट्यावर दिसतं ना. खाल्लं की वाढतं."

तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या जिन्यात तिला चक्कर आली. सर तिला रिक्षातून घरी घेऊन आले. चेहरा पांढराफटक, हात गार. मी दूध पुढे केलं, तर त्या अवस्थेतही तिने आधी काट्याकडे बघितलं. हे दारात उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची किंकाळी ऐकून मी धावत आले. "आई, दोन किलो उतरले! दोन!" मला वाटलं, तीन आठवडे उपाशी राहिलेलं अंग, उतरलं असेल. मी संधी साधली. "उतरले ना? मग आता डॉक्टरीणबाई सांगतात तसं कर, नाहीतर परत चढतील." ती आनंदात होती म्हणून कबूल झाली. नाश्ता करायचा, वजन फक्त रविवारी करायचं, संध्याकाळी माझ्याबरोबर चालायचं. त्या दिवशी तिने एक अंडं आणि दोन ब्रेड खाल्ले, आणि मी ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले.

आम्ही चालायला लागलो. पहिल्या आठवड्यात माझे गुडघे बोलत होते, तिचं तोंड बंद होतं. तिसऱ्या आठवड्यात गुडघे गप्प बसले आणि ती बोलायला लागली. वर्गातल्या गोष्टी, मैत्रिणीच्या चहाड्या, एक मुलगा कसा नाकात बोलतो ते. मीही बिस्किटांचा डबा शेजारणीला देऊन टाकला. लेकीच्या गालावर रंग आला, झोप लागायला लागली, जिना चढून वर आल्यावरही तिची वटवट चालूच असायची. सगळं उत्तम होतं, फक्त त्या काट्याची सुई हलेना. एक रविवार, दोन रविवार, पाच रविवार, सुई आपली तिथेच. आणि इकडे यांचा घास घशाखाली उतरेना. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला वाटलं, पित्त झालं असेल.

आठव्या रविवारी ती काट्यावरून उतरली आणि पायरीवर बसली. रडली नाही, तेच मला वाईट वाटलं. म्हणाली, "दोन महिने सगळं केलं, आई. काडीचा उपयोग नाही. उपाशी होते तेव्हाच उतरलं होतं. उद्यापासून नाश्ता बंद. आणि आता तू मध्ये पडू नकोस."

मी मध्ये पडणारच होते, एवढ्यात हे म्हणाले, "थांब." आत गेले आणि दुकानाची वही घेऊन आले. कुठला काटा आला, किती चुकत होता, काय केलं, हे सगळं त्या वहीत असतं. केलेली दुरुस्ती लिहून ठेवल्याशिवाय यांचा हात दुसऱ्या कामाकडे जात नाही. पान उघडून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं. तिने मोठ्याने वाचलं.

"घरचा काटा. रिकामा असताना शून्य बरोबर. माणूस उभं राहिल्यास दोन किलो कमी दाखवेल असा केला. कारण, मुलगी जेवत नाही."

खाली आठ ओळी होत्या, आठ रविवारांच्या. प्रत्येकीत एकच, "पहाटे पाव किलो दुरुस्त केला." त्यांच्याखाली त्याच दिवसाची आणखी एक ओळ. "घरचा काटा आता बरोबर."

लेकीचं बोट त्या ओळीवर होतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही? तुम्ही मामाला दुकानातून परत पाठवलंत!"

"हो."

"मला खरं सांगता येत नव्हतं?"

"सांगत होतो. आई सांगत होती, डॉक्टर सांगत होत्या. तुझा विश्वास फक्त काट्यावर होता." एवढं सलग ते लग्नातही बोलले नव्हते. "सरांनी तुला आणलं तेव्हा मी घाबरलो. दुसरं काही सुचलं नाही. मग खोटा काटा घरात सहन होईना, म्हणून थोडा थोडा परत आणला. दर आठवड्याला तुझं पाव किलो उतरत होतं आणि दर रविवारी मी तेवढाच पेच फिरवत होतो. म्हणून सुई हलली नाही. तुझे दोन किलो जेवून-खाऊन, चालून उतरलेत, बाळा. ते माझ्यामुळे दिसले नाहीत."

"हे तरी खरं कशावरून?"

तो प्रश्न यांना लागला. लागणारच. त्यांनी दुकानातून वीस-वीस किलोची तीन प्रमाणित वजनं आणली. तिने यांना वजनांना हात लावू दिला नाही. एकेक स्वतः उचलून काट्यावर ठेवलं, आणि वाकून बघितलं. सुई बरोबर साठावर होती.

"शिशाचा शिक्का आणा," ती म्हणाली. पेच कुणी फिरवू नये म्हणून काट्याच्या मागे तार ओवून शिसं दाबतात, तो. यांनी पक्कड दिली. तिने दात-ओठ खाऊन ती दाबली. "हा आता कुणी उघडायचा नाही. तुम्हीसुद्धा."

"नाही उघडणार."

दोन दिवस ती बापाशी बोलली नाही. नाश्त्याला बसताना खुर्ची फिरवून पाठ करून बसायची. पण बसायची, आणि ताट रिकामं करायची. हे तिच्या पाठीकडे बघत आपला चहा प्यायचे आणि तेवढ्यावर खूश असायचे. तिसऱ्या दिवशी तिने खुर्ची सरळ केली.

मग तिनेच ठरवलं, वजन महिन्याच्या पहिल्या रविवारी, एकदाच. ती काट्यावर, हे वही घेऊन शेजारी. कधी अर्धा किलो, कधी एक, एका महिन्यात तर काहीच नाही. त्या महिन्यात मी धास्तावले होते. ती म्हणाली, "असू दे, परीक्षा होती," आणि चालायला निघाली. याच काळात माझेही चार किलो गेले, पण त्याची नोंद कुणी ठेवली नाही. पुढे केव्हातरी तिने यांच्या हातातून पेन घेतलं आणि गिऱ्हाइकाच्या रकान्यात स्वतःच लिहिलं, छटाकी. हे चष्मा पुसत बसले.

गेल्या महिन्याची गोष्ट. पहिला रविवार. हे आंघोळ करून, वही आणि पेन घेऊन जिन्याखाली हजर. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. लेकीचा पत्ता नाही. ती पहाटेच मैत्रिणींबरोबर बॅडमिंटन खेळायला गेली होती. ओट्यावर अंड्याची टरफलं आणि खरकटी बशी तेवढी होती.

"फोन करून बोलावू का?" मी विचारलं.

"नको, नको," हे घाईघाईने म्हणाले. मग काट्याच्या मागे वाकून शिक्का बघितला, पायरीवर बसले आणि नेहमीच्या सुबक अक्षरात नोंद केली. मी खांद्यावरून वाचली.

"घरचा काटा. बरोबर. शिक्का शाबूत. छटाकी वजन करायला विसरली."