मासूमाचा रोल

"फिल्म पुढे ओढलीत की डावीकडची ही चक्री फिरते का, तेवढं रोज बघत जा," स्टुडिओतल्या आप्पांनी मला सांगितलं होतं. "ती फिरली तर आत फिल्म चालली असं समजायचं. नाही फिरली तर थांबायचं. वरच्या आकड्यावर जाऊ नका."

"हो, वाचलंय मी पुस्तकात," मी म्हटलं. चिमी कडेवर किरकिरत होती, घरी भात चुलीवर होता. आणि खरं सांगायचं तर, बी.एस्सी. झालेल्या बाईला एक चक्री काय ती समजावून सांगायची, असंही मनात आलं.

हे चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरचं. ह्यांची नोकरी बंदर खात्यात. राजिवड्याच्या अलीकडे गनीभाईंच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. गनीभाई मस्कतला. खाली त्यांची बायको खतिजा आणि तिची मासूमा, दोघीच. सासू दाभोळला धाकट्या मुलाकडे असायची. गनीभाई मे महिन्यात गेले आणि मासूमा ऑगस्टात झाली, म्हणजे बापाने लेकीला पाहिलंच नव्हतं.

कॅमेरा माझा. चिमीच्या बारशाला माझ्या भावाने मुंबईहून आणलेला. वर्षभर कपाटात पडून होता. मग नगर वाचनालयातून छायाचित्रणाचं एक पुस्तक आणलं आणि एक वही घातली. तारीख, वेळ, ऊन कसं होतं, भिंगाचं भोक किती ठेवलं, झडपेचा वेग किती. मला तशी सवयच आहे. चिमीचा ताप मी ती बरी असतानाही सकाळ-संध्याकाळ मोजायची. हे म्हणायचे, "त्या पोरीपेक्षा थर्मामीटर लवकर झिजेल." पहिला रोल आप्पांनीच घालून दिला होता. भाट्याचा पूल, सुरूची झाडं, चिमीचं नाक. छत्तिसातले एकवीस हललेले, पण सगळे आले होते.

ते फोटो खतिजाने पाहिले आणि मासूमाचाही एक काढून पाठवू का, असं मस्कतला लिहिलं. महिन्याने गनीभाईंचं उत्तर आलं. तिने ते उर्दू पत्र मला मराठीत सांगितलं. "ते म्हनतात, एका फोटोत पोर दिसते, वाडलेली दिसत नाय. वैनींना सांग, रोजचा एक काडा. सगळा रोल एकदम पाठव."

"रोज?" मी म्हटलं.

"तुमाला जमला तर. नायतर मी सांगते त्यांना, बाईला दुसरी कामा हायत."

जमणार नाही कसं? मला तेच हवं होतं. रोज एकच जागा, एकच वेळ, एकच विषय. पुस्तकात शिकणाऱ्यांसाठी हाच धडा दिला होता. दुसऱ्याच दिवशी मी स्वतःच्या हाताने नवा रोल घातला. चिमी पायाशी येऊन कॅमेऱ्याचा पट्टा ओढत होती. फिल्मचं टोक खाचेत अडकवलं, झाकण लावलं, दोनदा ओढून सोडलं. आकडा एकवर आला.

रोज साडेनऊला मी खाली उतरायची. पूर्वेच्या खिडकीतून त्या वेळी ऊन आत यायचं आणि अर्ध्या तासात निघून जायचं. खतिजा मासूमाला मांडीवर घेऊन खिडकीत बसायची, डोळ्यात काजळ, गालावर तीट.

"बघ गो, तुझा बाप बघतोय," ती म्हणायची. "तोंड नीट कर. लांबून बघतोय, त्याला दिसूदे."

"आणि तू हस की," मी म्हणायची.

"माजा काय बघायचाय? मला बघून तर पळाला मस्कतला."

ती हसायची, मासूमा हात उडवायची, आणि माझा फोटो हलायचा. मी कुरकुरायची. मासूमा एका जागी राहतच नव्हती. वहीत पहिले दहा-बारा दिवस तेच लिहिलंय: हात हलला, मान हलली, पुन्हा हात.

सतराव्या दिवशी मी लिहिलं, 'आज स्थिर. छान.'

ती वही अजून माझ्याजवळ आहे, म्हणून शब्द तेच देते आहे. विसाव्या दिवशी, 'स्थिर. वेग कमी ठेवता आला.' बाविसाव्या दिवशी, 'फारच शहाणी झाली आहे.' त्याच दिवशी खतिजा म्हणाली होती, "वैनी, हल्ली दूध ओढत नाय नीट. चार घोट घेते नि दमते."

"दात येत असतील," मी भिंगातून बघत म्हटलं. "जरा वर धर तिला, ऊन चाललंय."

तिने मुलीला वर धरलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी मासूमाचे ओठ मला काळसर वाटले. रोल काळा-पांढरा होता. मी मनात म्हटलं, फोटोत चांगले उठून येतील. संध्याकाळी खतिजाची हाक आली. हे ऑफिसातून येतच होते, त्यांनीच रिक्षा आणली. डॉक्टरांनी तपासलं आणि काळजात जन्मापासूनच दोष असावा म्हणाले. आधी आणली असती तर मुंबईला तरी पाठवता आली असती, हेही म्हणाले. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी मासूमा गेली. दुपारच्या आत पुरुष माणसं तिला घेऊन गेली. मी जिन्यात उभी होते, चिमीला इतकी घट्ट धरून की ती रडायला लागली.

मय्यतीला जमलेली माणसं चार दिवसांनी पांगली. पाचव्या दिवशी खतिजा जिना चढून वर आली. पहिल्यांदाच आली होती.

"फोटो कदी मिळतील?" तिने विचारलं. "त्यांना तार केलीय. पन त्यांनी तोंडपन बघितला नाय तिचा. फोटो तरी जाऊदेत."

मी तशीच रामआळीत आप्पांच्या स्टुडिओत गेले. आप्पांनी कॅमेरा हातात घेतला, गुंडाळायची चक्री फिरवायला लागले आणि लगेच थांबले. पुन्हा फिरवली. माझ्याकडे न बघता आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा फिल्मचं टोक अजून डबीच्या बाहेरच होतं.

"हा कोरा आहे, वैनी."

"कोरा कसा? अठ्ठावीस झालेत. आकडा बघा ना."

"आकडा तुमच्या बोटाने चालतो, फिल्मने नाही. टोक पहिल्याच दिवशी निसटलं. ही जागची हललेलीच नाही."

मी वही काढली. का काढली मला माहीत नाही. त्यांना पानं दाखवत राहिले, तारीख, वेळ, ऊन. आप्पांनी सगळी पानं शांतपणे पाहिली. कोणाचे फोटो होते ते मी सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"माझ्यावर घाला," ते म्हणाले. "सांगा, आप्पाच्या हातून धुताना खराब झाला. तुम्हाला एका घरात राहायचंय."

मी नको म्हटलं नाही.

खतिजाला तसंच सांगितलं. तिने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकपन नाय?"

"नाही."

"म्हातारा मानूस. त्याला तरी काय बोलनार." आणि मग माझा हात धरून म्हणाली, "वैनी, तुमी तिला रोज बघत होता. मी आई, मला ती चांगलीच दिसायची. तुमी खरा सांगा. सुकत चाललेली काय? मला समजला नाय, असा झाला काय?"

तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं. वही माझ्या हातात होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं. "शेवटपर्यंत छान होती."

तिने मान हलवली. मग गनीभाईंना पत्र लिहायला बसली आणि म्हणाली, "तुमी सांगा कशी होती ती. तुमचा सांगना ते खरा धरतील." मी बोलायला लागले तेव्हा मला कळलं, मला खिडकीच्या गजांची सावली आठवते, ऊन कुठल्या दिवशी कुठवर आलं होतं ते आठवतं, पण हसताना मासूमाची खळी कुठल्या गालावर पडायची ते आठवत नाही. डाव्या, असं मी सांगितलं. खतिजाचा हात थांबला. मग तिने लिहिलं. मी जे सांगितलं तेच लिहिलं की खरं ते, मला उर्दू येत नाही.

त्यानंतर रोज साडेनऊला ती खिडकीत येऊन बसायची. मांडीवर काही नाही, पदर नीट, तोंड उन्हाकडे. मी वरून, जिन्यातून बघायची. खाली उतरायला पाहिजे होतं, उतरले नाही. भाजी आणायला जायचं तर मागच्या दाराने जायची. जूनमध्ये ह्यांची बदली झाली आणि आम्ही साताऱ्याला आलो.

याला आता चार वर्षं होतील. आप्पांच्या हातून काहीही खराब झालं नव्हतं, हे आज इथे लिहिते आहे. खतिजाला दोन पत्रं मराठीत पाठवली, उत्तर नाही. ती तिला कुणीतरी वाचून दाखवणार, म्हणून त्यात हवापाण्याशिवाय काही लिहिलंच नव्हतं. 'मला दिसत होतं आणि मी बोलले नाही' हे तिसऱ्याच्या तोंडून तिने ऐकावं असं नाही. ते मीच जाऊन सांगायला हवं. पण आधी मला एवढंच कळू दे की ती कशी आहे. आणि तेवढ्यासाठीही माझे पाय निघत नाहीत.

तुमच्यापैकी कुणी रत्नागिरीत असेल, राजिवड्याकडे कधी जाणं होत असेल, तर गनीभाईंचं घर कुणीही दाखवेल. सकाळी जा. माझं नाव सांगू नका. वाटेवरून चाललो होतो, प्यायला पाणी द्याल का, एवढंच म्हणा. ती नाही म्हणणार नाही. पाणी आणायला ती उठते कशी, घरात तिच्याशी बोलणारं कुणी आहे का, ती तुमच्याशी दोन शब्द बोलते का, एवढं नीट बघून या आणि मला कळवा.