फवारणी-कवच, तीन मिनिटांत

संपूर्ण नाव *

महागावच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीवाल्यांपुढे गिऱ्हाईक नव्हतं. सगळी माणसं शेजारच्या मांडवात शिरली होती. आत पांढऱ्या पडद्यावर एक फॉर्म उभा होता. फॉर्मच्या बाजूला स्वयंसिद्ध महाराज उभे होते आणि महाराजांच्या कानाला माइक होता, फोनवरून विमा विकणाऱ्यांच्या असतो तसा.

"नाव सांगा, माउली."

"रामलाल पूनमसिंग राठोड."

रामलाल जवळच्याच तांड्यावरचा. त्याच्या पाठीला फवारणीचा पंप होता, आत्ताच दुरुस्तीवाल्याकडून उचलून आणलेला. दुरुस्तीवाल्यानं साधं पाणी भरून नोझल तपासून दिलं होतं आणि उरलेलं पाणी आत डुचमळत होतं. महाराजांच्या चेल्यानं टॅबलेटवर रामलालचं नाव आणि फोन नंबर टाकला, फोटो काढला, कुलदैवत विचारलं, बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. बारा टक्के. चाळीस टक्के.

"बघा, माझे हात वर आहेत," महाराज म्हणाले. "चेल्याचे हात वर आहेत. कोणी काही करत नाही. रामलालचं नाव वर गेलं. वर म्हणजे कुठं? क्लाउडमध्ये. क्लाउड म्हणजे मेघ. आणि मेघात राहतं कोण?"

"इंद्र," मागून कोणीतरी म्हणालं.

"साक्षात. तिथं आता रामलालचं सॉफ्टवेअर घडतंय. रामलालच्या नावाचं, रामलालच्या देवीचं. शेजाऱ्याला दिलं तर चालणार नाही."

नव्व्याण्णव टक्के. रामलालच्या खिशात फोन वाजला. चेल्यानं आलेल्या लिंकवर बोट ठेवलं आणि फोनच्या काचेवर रामलाल प्रकटला, डोक्यामागे सोनेरी चक्र, चक्रामागे देवी. फोन बोलू लागला, "हे रामलाल, तुझे कुलदैवत जगदंबा तुझ्यावर प्रसन्न आहे. हा फोन छातीच्या खिशात ठेव. फवारणीचे विष तुला बाधणार नाही."

मांडवात दोनशे हात जोडले गेले. तीन मिनिटं लागली होती, आणि माणसाचा हात लागला नव्हता.

"देव हिंदीवाला दिसते," बायकांच्या बाजूला बसलेली रुखमाबाई आपल्या पोरीला म्हणाली. "मराठी वाचून राह्यला, पण हिंदीच्या तोंडानं."

"माय, हळू बोल," दीपा म्हणाली. पण तिनंही ते ऐकलं होतं. दीपा महागावातच कॉम्प्युटरचा कोर्स करत होती.

व्यवसाय *

फवारणी. दुसऱ्याच्या कपाशीवर, रोजानं.

हा रकाना रुखमाबाईच्या नवऱ्याचा, उकंडाचा. बोंडअळीचं साल होतं. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे फवारा पिकावर कमी आणि तोंडावर जास्त पडायचा. आठ दिवसांपूर्वी उकंडाच्या सोबतचा देवीलाल भोवळ येऊन तासातच आडवा झाला. यवतमाळच्या दवाखान्यात उकंडा त्याला भेटून आला. डॉक्टरांनी देवीलालपुढे दोन बोटं धरली, देवीलाल म्हणाला, चार.

आणि उद्या भगवानरावांचं सात एकर होतं. भगवानरावांकडे तोंडाची जाळी, हातमोजे मागितले की ते म्हणायचे, "डॉक्टर झाला काय बे?" तेच भगवानराव आज स्वतःच्या खर्चानं सगळ्या मजुरांना मांडवात घेऊन आले होते. कवच हातमोज्यांपेक्षा स्वस्त पडत होतं, आणि धुवायचीही भानगड नव्हती.

"त्या फोनच्या भरवशावर उद्या उघड्या तोंडानं फवारणार काय?" रुखमाबाईनं रांगेत उभ्या नवऱ्याला गाठून विचारलं.

"सारेच घेऊन राह्यले."

"देवीलालचं काय झालं मंग?"

"त्याच्यापाशी कवच नव्हतं. म्हणूनच तं पडला."

रुखमाबाईनं हिशेब मनात लावून पाहिला. जो पडला त्याच्याकडे कवच नव्हतं, ज्याच्याकडे कवच होतं तो अजून पडला नव्हता. आणि कवच तर आत्ताच वाटलं जात होतं.

कुलदैवत *

"कुलदैवत?" चेल्यानं विचारलं.

उकंडानं मागं वळून रुखमाबाईकडे पाहिलं.

"खंडोबा टाकू?"

"नाई."

चेल्यानं रकाना कोरा सोडून बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : हा रकाना आवश्यक आहे. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल.

"अहो, प्रत्येक घराला असतं," महाराज माइकमधून समजावू लागले. "आठवा. लाजू नका."

रुखमाबाई टेबलापाशी आली. "आमच्या घराले नाई. माह्या आजसासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, सारा देव्हारा टोपल्यात भरला अन् नदीत सोडून आला. टोपलं वापस आणलं."

"ताई, पण मशीन पुढं जात नाही ना," चेला रडकुंडीला आला.

"द्या इकडे, मी भरते," म्हणत दीपानं टॅबलेट हातात घेतला. बोललेलं मराठी लिहून घेणारं बटण फोनांवर नुकतंच आलं होतं. तिनं ते दाबून टॅबलेट आईच्या तोंडापुढे धरला. "सांग माय. कुलदैवत."

"आमच्यात कुलदैवत नसते. छप्पन सालीच सोडलं. दुसरं काही विचारा."

शब्द जसेच्या तसे रकान्यात उतरले. लाल अक्षरं गेली. मशीन समाधानी झालं. चेला हात पुढे करेपर्यंत दीपानं बटण दाबलंही होतं.

महाराजांची पाठ पडद्याकडे होती. "उकंडाचं नाव मेघात गेलं," ते डोळे मिटून सांगत होते. "उकंडाच्या देवाशी बोलणं सुरू आहे. देव विचार करतोय. देवानं होकार दिला."

शंभर टक्के. फोन वाजला. चेल्यानं सवयीनं तो महाराजांच्या माइकपुढे धरला.

"हे उकंडा, तुझे कुलदैवत आमच्यात कुलदैवत नसते छप्पन सालीच सोडलं दुसरं काही विचारा तुझ्यावर प्रसन्न आहे. दर अमावास्येला आमच्यात कुलदैवत नसते छप्पन सालीच सोडलं दुसरं काही विचारा यांना नारळ अर्पण कर."

आधी कोणाला काही कळेना. मग बायकांतून एक फिसकारा आला आणि त्याच्यामागून सगळा मांडव फुटला. रामलाल असा हसला की पाठीवरच्या पंपातलं पाणी खळखळलं.

"उकंडा, हा देव बसते कुठं रे?" त्यानं विचारलं. "नारळ न्यायचा कुठं?"

(हा रकाना महाराजांच्या फॉर्ममध्ये नव्हता) हे चालते कसं?

दीपानं रामलालचा फोन मागून घेतला आणि बापाच्या फोनशेजारी ठेवून दोन्ही एकदम लावले. दोन देव एका सुरात बोलले. नाव आणि कुलदैवत सोडलं तर एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

"रामलालकाका, तुमच्या उज्ज्वलाच्या लग्नाची पत्रिका तुम्ही छापली ना?"

"छापली."

"साऱ्या पत्रिकेचा मजकूर छापखानेवाल्यानं तुम्हाले विचारून लिहिला काय?"

"नाई. त्याच्यापाशी तयारच होता. पोरापोरीचं नाव, तारीख अन् मांडव तेवढा बदलला."

"मंग हे तेच हाये. दूर कुठंतरी एक कॉम्प्युटर ठेवला हाये, त्याच्यात एकच प्रोग्राम. फॉर्म भरला की त्याची नक्कल निघते. नाव, फोटो, देव रिकाम्या जागी बसतात, अन् लिंक फोनवर येते. तेव्हा माणूस लागत नाई हे खरंच हाये, कारण माणसानं सारं आधीच करून ठेवलं. अन् रिकाम्या जागी काय भरलं, ते मशीन पाहात नाई. मायचं बोलणंबी त्यानं देव म्हणून बसवलं."

बोलता बोलता पोरीचे डोळे चमकत होते. "काम मात्र भारी हाये, काका. दुकानदाराले बिलाचं, दवाखान्याले नंबराचं, ज्याले जसं पाह्यजे तसं घरबसल्या बनवून धाडता येते. मले शिकायचं हाये हे."

महाराज तोवर सावरले होते. "अपमान भरलात, अपमान आला. मेघ सगळं ऐकतात. पण म्हणून रामलालचं कवच खोटं होत नाही."

दोनचार माना हलल्या. भगवानराव म्हणाले, "बायामाणसानं मधात कायले बोलावं?"

आणि उकंडा, ज्याच्यासाठी रुखमाबाईनं हे सगळं केलं होतं, तो फोन पुन्हा छातीच्या खिशात घालत हळूच म्हणाला, "देवाचं जाऊ दे वो. पण विषाचं खरं असन तं?"

अटी व शर्ती मान्य *

रुखमाबाईनं रामलालच्या पाठीवरचा पंप काढून आपल्या पाठीला लावला. चार वेळा दांडा हाणला. नळी हातात धरली.

"महाराज, तुमच्या खिशात तुमचं कवच असनच."

"अर्थात. पहिलं कवच माझंच."

"मंग उभे राहा. तोंड उघडं ठेवा. रुमाल नाई लावायचा, आमच्या माणसाले नाई सांगितला तुम्ही."

तिनं नोझल वर केलं. महाराजांचा उपरण्याचा पदर आपोआप नाकाशी गेला. एक पाऊल मागे गेलं, मग दुसरं, मग महाराज दोन खुर्च्या ओलांडून पडद्याच्या मागे. कानाचा माइक चालूच होता, आणि बाजारापर्यंत लावलेल्या भोंग्यांतून सगळ्या महागावानं ऐकलं : "अरे, पकड तिला. विष आहे ते. मरेन मी."

रुखमाबाईनं नळी खाली करून जमिनीवर सोडली. माती भिजली.

"पाणी हाये," रामलाल म्हणाला. "दुरुस्तीवाल्याचं."

ह्या खेपेला कोणी हसलं नाही. उकंडा पडद्याखाली दिसणाऱ्या महाराजांच्या चपलांकडे पाहत राहिला. मग त्यानं फोन बाहेर काढला आणि ते कवच पुसून टाकलं. फोननं विचारलं, खात्री आहे का? त्यानं स्वतःच्या बोटानं 'हो' दाबलं.

"भाऊ," तो भगवानरावांना म्हणाला, "उद्या सात एकर मारतो. जाळी, चष्मा, हातमोजे अन् साबण धाडा. वारा सुटला तं थांबीन."

"नाई धाडलं तं?"

"तं पंप तुम्ही उचला. कवच तुमच्याच पैशाचं हाये."

रामलाल येऊन त्याच्या बाजूला उभा राहिला. मग बाकीचेही आले.

सामान सकाळी आलं. भगवानरावांनी ते कुरकुरतच दिलं.

विष कोणाला नाव विचारत नाही. कुलदैवतही विचारत नाही. ते नाकातून जातं, कातडीतून जातं, आणि त्याच्या आड कापड येतं, जाळी येते, हातमोजा येतो. फोन येत नाही. डोकं गरगरलं, डोळ्यांपुढे धूसर झालं तर काम टाकून दवाखाना गाठावा. आणि कोणी चमत्कार दाखवला तर रुखमाबाईसारखं सांगावं, आधी तुम्ही उभे राहा.

सांजेला उकंडा साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन दारात आला. रुखमाबाईनं त्याच्या तोंडापुढे दोन बोटं धरली.

"किती?"

"दोन," उकंडा म्हणाला. "अन् जेवाले वाढ."