तीनदा दाबलेलं बटण

मित्रांनो, मला गप्प करून त्या माणसाला मिळणार काय होतं, ते आधी ऐका. नाटकभर शांतता, आणि पडदा पडल्यावर नटांची पाठीवर एक थाप. बस्स, एवढंच.

मी एक जुना कंट्रोलर आहे. साबणाच्या डबीएवढा, कमरेच्या पट्ट्याला लटकणारा. त्या माणसाचं हृदय थकलं तेव्हा डॉक्टरांनी छातीत छोटा पंप बसवला. पंपाची वायर पोटातून बाहेर येऊन मला जोडलेली, आणि मी दोन बॅटऱ्यांना. पंपाला वीज पोचवायची आणि ती संपत आली की ओरडायचं, हे माझं काम. सुरुवातीला माझे लाड काय सांगू! तो मला ‘जावईबापू’ म्हणे, कारण मी रुसलो तर सगळ्यांचीच पळापळ. त्याची बायको मला मऊ फडक्याने पुसायची, बॅटऱ्या न चुकता चार्जिंगला लावायची.

माणूस प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं कुजबुजत पुरवायची. दोन वर्षांनी त्याला पुन्हा नाटकाचं बोलावणं आलं, आणि मी नकोसा झालो.

तिसऱ्या अंकात मी वाजलो. त्याने मला गप्प करायचं बटण दाबलं. पुन्हा वाजलो, पुन्हा दाबलं. भरलेल्या बॅटऱ्यांची पिशवी चार पावलांवर होती. पण नायिका अडखळत होती, त्याला हलवेना. तिसऱ्यांदा बटण दाबून त्याने मला शालीत गुंडाळलं. थोड्या वेळाने पंप थांबला आणि तो कोसळला. आवाज ऐकून पहिल्या रांगेतून बायको धावत आली, बॅटऱ्या बदलल्या, म्हणून वाचला.

शुद्धीवर येताच डॉक्टरांना म्हणतो कसा, “हा वाजलाच नाही. आणि हिनेच अर्धवट चार्ज केलेल्या दिल्या असणार.”

पण माझ्या पोटात सगळं नोंदलेलं असतं. तंत्रज्ञाने मला संगणकाला जोडलं आणि म्हणाला, “काकू, वाजलाय. तीनदा गप्प केलाय.”

“प्रयोग चालू होता गं,” तो पुटपुटला.

“जन्मभर दुसऱ्यांना त्यांची वाक्यं बरोब्बर सांगितलीत,” ती म्हणाली. “स्वतःच्या वेळी मात्र माझं नाव घेतलंत.”

डॉक्टरांनी बजावलं, यापुढे याला घटकाभरही एकटं सोडायचं नाही.

मित्रांनो, तुमच्या जिवासाठी ओरडणाऱ्याचं तोंड दाबू नका. दाबलंतच, तर निदान त्याच्यावर आळ तरी घेऊ नका.

आता कोणाच्या पदरात काय पडलं? नाटकाला टाळ्या. त्याला नवा कंट्रोलर. मला निर्दोष ठरूनही कपाट, कारण एकदा उतरवलेला डबा कोणी पुन्हा कमरेला बांधत नाही. आणि दवाखान्याच्या बाकावर बसून तिने ग्रंथालयातल्या एकोणीस वर्षांच्या नोकरीचा राजीनामा लिहिला. पेन तेवढं त्याने पुढे केलं.