ओल्गाच्या बोटांतली पुंगळी

मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. रायफलचा बार उडाल्यावर काडतुसाचे जे रिकामे आवरण मागे राहते, ते. ओल्गा गेली असे इस्पितळातून कळले, त्या दुपारी मी प्रभादेवीला तिच्याच घरात, तिच्या बटणांच्या डब्यात होते. तिच्या नवऱ्याने, बाप्टिस्टने, फोन ठेवला आणि तो डबा उघडला. बटणे पाहिली, आम्हा पुंगळ्यांना पाहिले आणि झाकण लावले. आपले काय गेले ते त्याला तेव्हा पुरते कळले नव्हते. मित्रांनो, पुढचे सांगताना मला लाज वाटते. तरी सांगते.

जन्माने मी दुसऱ्याच रायफलची. बाप्टिस्ट परळच्या एका गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडली, पण त्याचे हात स्वस्थ बसेनात. त्याचा गिरणीतला दोस्त दौलत नेमबाजी करायचा. दौलतकडे वडिलांची, परवान्याची रायफल होती, पण तिची काडतुसे मिळायची बंद झाली होती. एके दिवशी तो क्लबातून मोठ्या मापाच्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन आला. त्यांत मी होते.

"बाप्टिस्टा, ह्यांना माझ्या रायफलच्या मापात बसवशील काय रे? क्लबाची परवानगी काढलीय. दारू भरायचं काम तिथलेच करतील."

बाप्टिस्टने पोलादी साचा कातून घेतला आणि आम्हाला एकेक करून त्यात दाबू लागला. पहिल्या तिघींच्या माना, म्हणजे गोळी बसते ती अरुंद तोंडे, तडकल्या. तो चिडून शिव्या देऊ लागला. ओल्गा शेजारीच तांदूळ निवडत होती.

"अरे, आधी दिव्यावर धर तिला," ती म्हणाली. "माझा बापूस बँडात ट्रम्पेट वाजवायचा. नळी पिचली की आधी तापवून नरम करायचा, मग ठोकायचा."

"किती तापवायची? माप काय?"

"बोट. चटका बसला की पाण्यात सोड."

"हे काय माप झालं गो?"

"मग बस तुझा मायक्रोमीटर तापवत!"

शेवटी तिनेच स्पिरिटचा दिवा पेटवला. माझे बूड चिमटीत धरून माझी मान ज्योतीत हळूहळू फिरवली. उष्णता तिच्या बोटांपर्यंत आली तशी तिने मला पाण्यात सोडले. मान नरम झाली, बूड कडक राहिले. ते तसेच राहावे लागते. बूड नरम पडले तर बाराचा जोर सोसत नाही आणि आग मागे उलटते. साच्यातून मी न तडकता बाहेर आले.

त्यानंतर बारा वर्षे मी कामावर होते. चार-पाच बार झाले की मान पुन्हा कडक व्हायची आणि ओल्गा पुन्हा दिवा पेटवायची. क्लबात दौलत मला उंच धरून म्हणायचा, "हा आमच्या बाप्टिस्टचा हात बघा!" बाप्टिस्ट नुसता हसायचा. घरी ओल्गा विचारायची, "काय म्हणाले रे?" तो म्हणायचा, "चांगल्या झाल्यात म्हणाले." तिचे नाव त्याने तिथे कधीच घेतले नाही. मीही त्या कौतुकात चमकत राहिले.

ती गेल्यावर चार महिन्यांनी दौलत आला.

"ज्येष्ठांची स्पर्धा आहे. माझी शेवटचीच समज. पण वहिनी गेल्यात, तुझं मन लागत नसेल तर राहू दे."

"लागेल. त्यात काय एवढं?" बाप्टिस्ट म्हणाला.

त्याने ओल्गाचा दिवा पेटवला आणि सांडशी घेतली. आयुष्यभर गिरणीत काम केलेला माणूस तापल्या धातूला बोट लावत नाही. सांडशीला चटका बसत नाही. मान लाल होईपर्यंत तो थांबला, तोवर माझे बूडही तापून नरम झाले होते. मला ते कळत होते. पाण्यात सोडल्यावर आवाज मात्र नेहमीसारखाच आला आणि त्याला वाटले, जमले.

स्पर्धेत दौलतचा तिसरा बार माझा होता. माझे बूड फाटले. आग मागे आली ती चष्म्याच्या कडेने दौलतच्या उजव्या डोळ्यात. सगळे त्याच्याकडे धावले. बाप्टिस्टही धावला, पण आधी त्याने मला जमिनीवरून उचलून खिशात घातले.

डोळा राहिला, पण त्याने आता अंधूकच दिसते. दौलतने रायफल पोलिसांकडे जमा करून टाकली. अजूनही तो दर रविवारी भिंतीला हात लावत जिना चढतो.

"पितळ जुनं झालं होतं रे," तो म्हणतो. "तू कशाला तोंड पाडून बसतोस? तुझ्या हातानं एवढ्या वर्षांत कधी दगा दिला नाही."

बाप्टिस्ट काहीतरी बोलायला जातो. मग विचारतो, "साखर घालू?"

मित्रांनो, तुमच्या घरात कोणते काम कुणाच्या बोटांनी होते, ते ती बोटे आहेत तोवर विचारून घ्या. आणि चारचौघांत त्या माणसाचे नाव घ्या.

मी फाटक्या बुडाने पुन्हा बटणांच्या डब्यात आहे. ते काम ओल्गाचे होते, हे दौलतला अजून सांगायचे राहिले आहे.